पाकिटाच्या आधीचं अन्न

मे महिना सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, की सफाळे, पालघर, बोईसरच्या स्टेशनांबाहेर शेवळं दिसू लागतात. तपकिरी-जांभळ्या आवरणात गुंडाळलेले वीतभर लांबीचे कोंब, त्यांच्या जुड्या, आणि शेजारी काकडांचा, म्हणजे हिरव्या आंबट फळांचा, वाटा. विकणाऱ्या बायका मनोर, विक्रमगडकडच्या पाड्यांवरून पहाटे अंधारात निघालेल्या असतात. त्यातल्या कित्येकी पालघरला थांबतही नाहीत. डहाणूहून येणारी गाडी पकडून पाट्या थेट विरार, बोरिवली, दादरला नेतात, कारण तिकडे शेवळं ओळखणारं आणि त्यांना भाव देणारं गिऱ्हाईक आहे.

वैतरणेचा पूल ओलांडून दक्षिणेला काय काय जातं याची यादी मोठी आहे. मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा या धरणांचं पाणी मुंबईला जातं. सातपाटीचं पापलेट जातं, वाणगावची मिरची जाते, घोलवडचा चिकू जातो, वाड्याचा कोलम जातो. आणि मोखाड्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या किराणा दुकानात डोकावलं, तर दाराशी लटकलेल्या असतात त्या कुरकुरीत तळलेल्या पुड्यांच्या माळा, पाच-दहा रुपयांचे बिस्किटांचे पुडे आणि झटपट शेवयांची पाकिटं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा फाटकाबाहेर तीच पाकिटं आणि चायनीजच्या गाड्या. चांगलं अन्न पिकवणारा, पकडणारा, रानातून खुडून आणणारा हा पालघर जिल्हा स्वतः मात्र दिवसेंदिवस पाकिटावर येतो आहे. या लेखाचा आग्रह एवढाच, की गाडीत चढणाऱ्या त्या पाटीतला काही भाग इथल्याच चुलीवर राहावा. तो कसा ठेवायचा, शिजवायचा आणि कुठे जपून राहायचं, हे पुढे सविस्तर येतं.

आधी एक गैरसमज दूर व्हायला हवा. प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट, असं नाही. साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोन्तेरो यांनी 2009 मध्ये अन्नाची वेगळी वर्गवारी मांडली. तिला ‘नोव्हा’ म्हणतात. कॅलरी किती आणि चरबी किती, हे ती आधी विचारत नाही. पदार्थावर काय केलं गेलं आणि कशासाठी, हे विचारते. पहिल्या गटात जसंच्या तसं किंवा नुसतं वाळवलेलं, कांडलेलं, दळलेलं अन्न: नागली, वाल, अंडी, दूध, भाजी, मासळी. दुसऱ्यात स्वयंपाकाला लागणारं तेल, तूप, मीठ, साखर, गूळ. तिसऱ्यात या दोहोंच्या मिलाफातून झालेलं लोणचं, खारवलेली मासळी, साधा पाव. चौथा गट कारखान्यातला. धान्यातून पिष्ट वेगळं काढायचं, कुठलं तरी तेल घालायचं, वर रंग, स्वाद आणि पोत जमवणारी रसायनं मिसळायची आणि महिनोन्‌महिने टिकेल असं काही तरी पाकिटात भरायचं. काळजी करायची ती या चौथ्या गटाची.

या कसोटीवर आपल्याकडचे कितीतरी पदार्थ सहज उतरतात. विरारजवळच्या आगाशीची सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली. महिनोन्‌महिने टिकतात, गोड लागतात, आणि त्यात केळ्याखेरीज काही नसतं. परातींवर, म्हणजे आडव्या बांबूंवर, वाळणारा बोंबीलही तसाच. उन्हात आणि वाऱ्यावर त्याचं पाणी उडतं, बस. टिकाऊ अन्न करायची विद्या या किनाऱ्याला कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

चौथ्या गटाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 2019 मध्ये फार नेटकेपणाने तपासलं. 20 प्रौढांना महिनाभर संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच. हवं तेवढं खा, अशी मुभा. पाकिटातल्या अन्नाच्या दोन आठवड्यांत माणसं रोज सरासरी 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन सुमारे 900 ग्रॅमने वाढलं. साध्या अन्नावर ते तेवढंच उतरलं. जेवायचा वेगही वेगळा होता. मऊ, चावायला न लागणारं अन्न भराभर पोटात जातं आणि पोट भरल्याची जाणीव मागाहून येते. ज्याने कधी वालाच्या बिरड्याबरोबर भाकरी खाल्ली आहे, त्याला चावण्याला लागणारा वेळ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मनाबद्दलचा पुरावा अजून कोवळा आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले 67 रुग्ण घेतले. अर्ध्यांना 12 आठवडे आहारतज्ज्ञाची मदत मिळाली: भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासळी वाढवायची, गोड आणि तळीव कमी करायचं. उरलेल्यांशी तेवढाच वेळ नुसत्या गप्पा, सोबत. आहार बदललेल्या गटातले जवळपास एक तृतीयांश रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 8 टक्के होतं. चाचणी लहान होती आणि बहुतेकांचे आधीचे उपचारही चालूच होते, हे विसरता कामा नये. 2024 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जवळपास 1 कोटी लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. अतिप्रक्रिया केलेलं अन्न जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि चिंता-नैराश्यासारखे विकार जास्त आढळले. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही, पण धोक्याची दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

आपल्या देशाचं चित्रही समोर ठेवावं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 च्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35 टक्के खुजी निघाली. एकाच राज्यात पोट सुटणंही आहे आणि अंगी न लागणंही.

म्हणूनच आदिवासी आहाराचं नुसतं कौतुक करून थांबणं बरं नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हाही आसपास रान होतंच. रानभाजी पौष्टिक असते, पण तिने पोट भरत नाही. भात आणि नुसतं मीठ-मिरची हेही प्रक्रिया न केलेलंच अन्न आहे, आणि ते अपुरं आहे. वाढत्या मुलाला डाळ लागते, अंडं किंवा मासळी लागते, चमचाभर तेल-तूप लागतं. राज्य सरकारने 2015 मध्ये आदिवासी भागांत सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळी, शेंगदाण्याचा लाडू. मुलांना अंडी आणि केळी मिळतात. ज्या घरात असं कोणी आहे, त्या घराने अंगणवाडीत चौकशी करून हा हक्क सोडू नये.

आता ताटाकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं प्रसिद्ध केली. 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात त्यांनी 250 ग्रॅम धान्य, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 85 ग्रॅम डाळी, अंडी किंवा मांस-मासळी, 35 ग्रॅम दाणे-बिया, 27 ग्रॅम तेल-तूप आणि 300 मिलिलिटर दूध धरलं आहे. कोरडं धान्य 250 ग्रॅम, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा भाताचा डोंगर बराच उतरतो. भाज्या 400 ग्रॅम, म्हणजे त्या मात्र बऱ्याच वाढतात. बहुतेक घरांत बदल इथेच करावा लागेल. भात एक मूद कमी, भाजी दुप्पट.

तांदळापासून सुरुवात करू, कारण या पट्ट्यात दोन्ही वेळा तो असतोच. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याचा सुवास, त्याची चव याबद्दल वाद नाही. प्रश्न गिरणीत होतो. तांदूळ पांढराशुभ्र, चकचकीत व्हावा म्हणून त्यावरचा कोंडा आणि अंकुर घासून काढतात. ब गटातली जीवनसत्त्वं आणि तंतू बहुतांश त्यातच असतात. हे जगाला उमगलं ते कोंबड्यांमुळे. 1890 च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. लष्करी रुग्णालयातल्या पॉलिश केलेल्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होत. या कामासाठी त्यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

घरचं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं भात असेल, तर गिरणीवाल्याला ‘पॉलिश कमी ठेव’ एवढं सांगणं पुरतं. विकत घ्यायचा असेल तर हातसडीचा किंवा एकदाच सडलेला मागावा. एकदम सगळा भात बदलला तर घरात कुरकुर होते, म्हणून पहिले काही दिवस निम्मा पांढरा, निम्मा हातसडीचा. हातसडीचा तांदूळ तासभर आधी भिजवावा आणि पाणी थोडं जास्त घालावं. दोन्ही तांदूळ एकाच पातेल्यात चढवले तर एक कच्चा राहतो, दुसरा गिच्च होतो, म्हणून भिजवलेला आधी टाकून मागाहून पांढरा घालावा. कोंड्यात तेल असल्यामुळे हा तांदूळ खवट होतो. महिना-दीड महिन्यापुरताच आणावा.

नागलीची गोष्ट याहून महत्त्वाची. बाकी बराचसा महाराष्ट्र तिला नाचणी म्हणतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगरउतारांवरचं हे जुनं पीक. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत, पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. ज्या घरात दूध परवडत नाही किंवा पचत नाही, तिथे नागलीला तोड नाही. भाकरी थापताना ती तुटते अशी तक्रार शहरात वाढलेल्या सुना करतात. त्यावर उपाय असा: पाण्याला उकळी आणावी, चिमूटभर मीठ टाकावं, गॅस बंद करून पीठ घालावं आणि झाकण ठेवावं. कोमट झाल्यावर चांगलं मळावं, तांदळाची उकड काढतात तसंच. तळहाताला पाणी लावून थापलेली भाकरी मग सहसा चिरत नाही.

उन्हाळ्यात आंबील करावी. रात्री नागलीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी आंबट वास आला की उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं. वर लसूण, जिरं, मीठ. आंबवण्याने धान्यातला फायटेट नावाचा घटक कमी होतो. हा घटक लोह आणि कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे तो जितका कमी तितकं ते अंगी लागतं. मोड आणूनही हेच साधतं. नागली रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून दिवसभर टांगावी, पांढरे मोड दिसले की सावलीत सुकवून, मंद भाजून दळावी. हे पीठ दुधात किंवा नुसत्या पाण्यात शिजवून सहा महिन्यांवरच्या बाळालाही चालतं. बाजारात ‘नाचणी’ असं ठळक छापलेली बिस्किटं मिळतात. त्यातल्या अनेकांच्या घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असतं आणि नागली फार खाली कुठे तरी टक्केवारीपुरती. त्या पैशांत किलोभर अख्खी नागली आणावी.

रानभाज्यांचा हंगाम चार महिन्यांचा, पण त्यात प्रत्येकीचा दिवस वेगळा. आधी शेवळं, मग कोवळा टाकळा, कुर्डू, कोळी, लोत, भारंगी, बांबूचे कोंब, कुड्याची फुलं. श्रावणाकडे कंटोळी. बाजारात त्या येतात तेव्हा घ्याव्यात, कारण आठवड्या-दोन आठवड्यांनी पानं जून होतात. टाकळा आणि कुर्डू हे नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपे: कोवळी पानं खुडायची, धुवायची, कांदा-लसणावर परतायची, वर थोडं ओलं खोबरं किंवा भिजवलेली मूगडाळ. पालेभाजीतलं लोह शरीराने घ्यावं म्हणून लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहा लोह अडवतो. रक्तक्षय असलेल्या बाईने एवढी एक सवय बदलली तरी फरक पडतो.

शेवळं मात्र समजून घेऊनच करावीत. सुरणाच्याच कुळातली ही भाजी, आणि तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच घशात टोचतात आणि खाज सुटते. हाताला तेल लावावं. बाहेरचं आवरण उलगडलं की आतला दांडा दिसतो. त्याच्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, कारण खाज तिथेच जास्त. उरलेलं अगदी बारीक चिरून तेलावर बराच वेळ परतायचं, रंग गडद होईपर्यंत. मग खाज मारण्यासाठी काकडं ठेचून, पाण्यात कोळून गाळलेला आंबट रस. कुणी चिंचेचा कोळ घालतं, कुणी बोंडाऱ्याचा पाला. सोबत वालाचं बिरडं किंवा सोडे, शेवटी खोबऱ्याचं वाटण. म्हणूनच शेवळांच्या जुडीपाशी काकडांचा वाटा मांडलेला असतो, आणि तो नको म्हणणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला विकणारी बाई आपणहून घ्यायला लावते. तिचं ऐकावं. बाजारातलं तिचं ज्ञान कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाहून पक्कं असतं.

बांबूचे कोंब किसून रात्रभर पाण्यात ठेवावेत आणि शिजवलेलं पहिलं पाणी फेकून द्यावं, कारण कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारे घटक असतात. कडू कंदही असेच उकडून, चकत्या करून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. तो प्रयोग घरी स्वतःच्या अंदाजाने करू नये. अळंबीबाबत तर नियम सरळ आहे: ओळखणाऱ्या माणसाने दिली तरच घ्यावी, स्वतः खुडू नये. ओळख करून घ्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत भरवतो तो रानभाजी महोत्सव. तिथे भाजी बघायला, चाखायला मिळते आणि करणारी बाई समोर असते.

एक गोष्ट या भागात राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवायला हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात बोईसरजवळचं तारापूर हे देशातलं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. नैसर्गिक अन्न म्हणून कारखान्यांच्या नाल्याकाठचा टाकळा खुडणं किंवा सांडपाणी जिथे येतं त्या खाडीतल्या शिंपल्या, कालवं काढणं म्हणजे विषाची परीक्षा. शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्यांच्यात साठतात. रेल्वे रुळांच्या कडेला तणनाशक मारलेलं असू शकतं, महामार्गाच्या कडेला गाड्यांचा धूर आणि धूळ असते. भाजी विकणारीला ‘कुठल्या पाड्याची?’ असं विचारायला संकोच नको. डोंगराकडची असेल तर ती अभिमानाने सांगते.

मासळीच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या लोकांना शिकवण्यासारखं फार काही नाही. वाडवळ समाजाचं भुजाणं बघा. कांदा, कोथिंबीर-मिरचीचं वाटण, चिंच, मासळी आणि थोडं तेल, सगळं कच्चंच एकत्र करून मंद आचेवर. तळणं नाही, तवंग नाही. सातपाटीचं पापलेट महाग झालं आहे. 2023 मध्ये राज्याने त्याला राज्यमासा ठरवलं, त्यामागे त्याची पिल्लं पकडली जात असल्याची चिंता होती. इवलंसं पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. पोषणासाठी त्याची गरजही नाही: बोंबील, मांदेली, बांगडा, करंदी, जवळा यांत काही कमी नसतं, आणि मांदेलीसारखी मासळी काट्यासकट खाल्ली जाते म्हणून कॅल्शियमही मिळतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुकी मासळी कामी येते. सुक्या बोंबलात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. घेताना एवढं बघावं, की तो कडक, पांढरट-पिवळसर हवा. मऊ पडलेला, लालसर डाग असलेला किंवा कुबट वासाचा नको. बोंबील आणि जवळा सहसा मिठाशिवाय वाळवतात, पण खारवलेल्या मोठ्या माशांत मीठ भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी खारं टाळावं आणि बाकी सुकटही गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्यावी.

शाकाहारी घरांत हीच जागा वाल, उडीद, तूर, मूग आणि चणे घेतात. थंडीत डहाणू-बोर्डीकडची उकडहंडी करावी: पापडी, कोनफळ, रताळी, कच्ची केळी, हिरवं वाटण, मडकं, मंद आच. एका भांड्यात शेंगा, कंद आणि फळ, आणि तेल जेमतेम.

फळांबद्दल थोडक्यात. घोलवडचा चिकू आणि वैतरणेच्या खोऱ्यातल्या बहाडोलीचं जांभूळ, दोघांनाही मानांकन आहे. दोन्ही रस न काढता खावीत. रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात उरते. मधुमेह असलेल्यांनी चिकू अर्धाच, तोही जेवणावर लगेच नाही. जांभळाने मधुमेह बरा होतो, अशी समजूत पक्की आहे. फळ चांगलंच आहे, पण त्याच्या भरवशावर गोळ्या थांबवू नयेत.

सगळ्यात अवघड प्रश्न पाळीत काम करणाऱ्यांचा. बोईसरच्या चाळीत एका खोलीत चौघे-पाच जण, एकच शेगडी, आठवड्याला बदलणारी पाळी. रात्रपाळीत तीनच्या सुमाराला झोप अनावर होते, तेव्हा चहा-बिस्किटं आणि तळलेलं काही तरी पोटात ढकललं जातं. अशांना ‘ताजं, चौरस जेवा’ असं सांगून भागत नाही. त्यांच्यासाठी उपाय वेगळा. मुख्य जेवण पाळीवर जायच्या आधी पोटभर करावं. मध्यरात्रीसाठी भिजवून उकडलेले चणे, दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि एक केळं न्यावं. हे गरम करावं लागत नाही, खायला दहा मिनिटं लागतात. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कामगारांपाशी तर सत्तू आहेच. भाजलेल्या चण्यांचं ते पीठ, पाण्यात कालवून कांदा, लिंबू, मीठ घातलं की पाच मिनिटांत तयार. बोईसरच्या किराणा दुकानांत ते मिळतं, आणि मराठी कामगारांनीही ते उचलायला हरकत नाही.

चहाचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून बघावा. दोन चमचे साखरेचा एक कप, असे दिवसाला तीन कप, म्हणजे साधारण 30 ग्रॅम साखर. वरून घातलेल्या साखरेचं प्रमाण दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास असावं असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. म्हणजे बिस्किट, शीतपेय यांच्याशिवाय नुसत्या चहातच मर्यादा ओलांडली. अर्धा-अर्धा चमचा कमी करत गेलं तर तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते. मिठाचंही तसंच. माणशी 5 ग्रॅम धरलं, तर चौघांच्या घरात एक किलोची पिशवी 50 दिवस पुरायला हवी. तेल महिन्याला साडेतीन लिटरच्या आत. आज घरात डबा किती दिवसांत संपतो, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं की कुठे जास्त जातं ते आपोआप कळतं.

पाकीट घ्यावंच लागलं तर त्याची मागची बाजू वाचावी. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर वरच्या बाजूला कितीही हिरवी पानं आणि गव्हाच्या ओंब्या छापल्या असल्या तरी ते परत ठेवावं. स्वयंपाकघरात जे कधीच नसतं अशी नावं आणि आकडे यादीत भरपूर असतील तर तो पदार्थ चौथ्या गटातला. लहान मुलांना पुडी एकदम बंद केली तर ती शेजारून मिळवतात. दुपारी शाळेतून आल्या आल्या भूक असते, त्या वेळेला गूळ-शेंगदाणे, सुकेळी, पोह्यांचा चिवडा किंवा भाकरीचा कुस्करा समोर ठेवला, तर पुडीची आठवण उशिरा येते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पालेभाज्या, कंद आणि डाळी किती चालतील, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर हिरव्या भाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू नये. तंतू वाढवताना पाणीही वाढवावं, नाहीतर पहिले आठ दिवस पोट फुगतं आणि माणूस कंटाळून जुन्या खाण्यावर परत जातो. मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आहार सुधारावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. 14416 या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

साठवणीचं वेळापत्रक हंगामाने ठरवून दिलेलं आहे. सुकी मासळी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, उन्हं कडक असतानाच घ्यावी आणि घरी पुन्हा एक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. वाल उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, ते वर्षभराचे घेता येतात. नागलीचं नवं पीक दिवाळीच्या सुमारास हाती लागतं. जव्हार-मोखाड्याकडे ओळख असेल, तर शेतकऱ्याला दसऱ्यालाच सांगून ठेवावं आणि बाजारभावाहून दोन रुपये जास्त द्यावेत, म्हणजे पुढच्या वर्षीही तो ती पेरील. चौघांच्या घराला पहिल्या वर्षी पाच-सहा किलो पुरते, दर आठवड्याला दोनदा भाकरी धरली तर जेमतेम मार्चपर्यंत.